उबेदच्या नल्लीवरचा माणूस

कमळाकर पेणहून निघतो म्हणाला तेव्हा नऊ वाजले होते. आता साडेअकरा होत आले तरी त्याचा पत्ता नाही. वडखळच्या गाड्यांच्या गर्दीत अडकला असेल. वडखळला न अडकता कोणी आला, तर त्यालाच विचारावं, की बाबा, तू आलास कुठून. मुसा सारंग ओटीवरच्या खुर्चीत बसून होता आणि नुसता बसूनच दमला होता. वय एकोणऐंशी, गुडघे कामातून गेलेले, डाव्या कानानं ऐकू येत नाही. पण हे दमणं वयाचं नव्हतं. हे सदतीस वर्षांचं जुनं दमणं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. रोह्याच्या खाली कुंडलिकेच्या काठानं मुसलमानांची जी गावं आहेत, तिथं एके काळी घरटी एक खलाशी होता. मुंबईच्या गोदीत जहाजाला माणसं लागली की साहेब सारंगाला सांगायचा, आणि सारंग आपल्या गावची, आपल्या खाडीची माणसं गोळा करून न्यायचा. माणूस कामाला चांगला निघाला तर नाव सारंगाचं. आणि माणूस परत आला नाही, तर त्याच्या घरी जाऊन तोंडानं सांगायचं, तेही सारंगानंच. तार आली, कागद आला, तरी सारंग दारात उभा राहिल्याशिवाय घरचे रडायचे नाहीत. असा रिवाज होता. मुसानं तो आयुष्यभर पाळला, एकदा सोडून.

त्या एकदाचाच कागद आज कमळाकर घेऊन येत होता. कमळाकर जहाजावरचा जुना रेडिओवाला, आता पेणला घरी बसलेला. घरी बसवेना म्हणून त्यानं निवृत्त दर्यावर्दींचं एक मंडळ काढलं, आणि मंडळानं ठरवलं की पेण आणि रोहा तालुक्यांतली जी माणसं समुद्रात गेली, त्यांच्या नावांचा एक दगड करायचा. पेणला कारागिरांना काय तोटा? दगड घडून तयार होता. तो इथंच, खाडीच्या धक्क्यावर बसवायचा होता. 'दर्या बहार' नावाच्या मालवाहू जहाजावरून गेलेल्यांची यादी कमळाकरनं फोनवर वाचून दाखवली होती. इथली चार नावं. शेवटचं नाव उबेद.

"तुम्ही त्या जहाजावरचे हयात असलेले एकटेच, मुसाभाई," कमळाकर म्हणाला होता. "यादी बरोबर आहे एवढी सही करा, की पाथरवट टाकी लावतो."

उबेद मुसाचा धाकटा भाऊ. आता गंमत बघा. उबेद त्या जहाजावर कधी चढलाच नव्हता. तो सहा वर्षांपूर्वी याच घरात, मागच्या खोलीत, खाटेवर गेला. कागदावर एकदा मेला आणि खाटेवर एकदा. मधली एकतीस वर्षं त्यानं रोह्याला भांड्यांच्या दुकानात काढली, कारण मेलेल्या माणसाला जहाजावर कोण घेणार?

मग उबेदच्या नावानं जो बुडाला तो कोण, हे मुसाला ठाऊक होतं. उबेदला ठाऊक होतं. आणि अल्लाला. बस्स.

झालं होतं असं. शहाऐंशी साली इराण-इराकची लढाई भरात होती. आखातात जायला माणसं मिळत नव्हती, आणि 'दर्या बहार' आखातातच साखर आणि सिमेंट नेत होती. मुसानं अकरा माणसं जमवली. त्यात उबेद आणि गावचे तिघे, बाकीचे लांबचे, अनोळखी; आणि ते तिघे पुढं जहाजाबरोबरच गेले. निघायच्या आदल्या आठवड्यात उबेदला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. एक माणूस कमी पडला तर साहेब अख्खी टोळी नाकारील आणि दुसऱ्या सारंगाला बोलावील, अशी मुसाला धास्ती. तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं आला कृष्णा.

कृष्णा हा कुंडलिकेकाठच्या वाडीतला. बापजादे जंगलातले, मग खाडीकाठी आलेले, मिळेल ती मजुरी करणारे. कृष्णा रेतीच्या होडीवर होता. होडी वल्हवावी तर त्यानं, बुडी मारावी तर त्यानं. पण त्याला ना शाळेचा दाखला, ना जन्माचा. आणि दाखल्याशिवाय नल्ली मिळत नाही. नल्ली म्हणजे खलाशाचं पुस्तक, फोटो आणि अंगठ्यासकट. ती असेल तर तुम्ही खलाशी, नसेल तर धक्क्यावरचे बघे. कृष्णा दोन वर्षं मुसाच्या मागं लागला होता, भाय, मला एकदा जहाजावर न्या.

मुसानं उबेदची नल्ली त्याच्या हातात ठेवली. फोटो असा काळाकुट्ट की दाढी राखली तर कोणीही उबेद. उबेदनं खाटेवरूनच हो म्हटलं.

"आजपासून तू उबेद," मुसानं त्याला मुंबईच्या वाटेवर, नागोठण्याच्या स्टँडवर चहा पिताना बजावलं. "कोणी कृष्णा म्हणून हाक मारली तरी वळायचं नाय. मी मारली तरी नाय. समजलं?"

"समजलं, भाय." आणि कृष्णानं बायकोलाही सांगायचं नाही असं ठरलं. बायकांच्या पोटात काय राहतं, म्हणे. तिला एवढंच सांगितलं की मुसाभाय मुंबईच्या गोदीत कामाला लावतायत. तिचं नाव आवडी. तिला तेव्हा पाचवा महिना होता.

पहिले दोन महिने कृष्णानं वैताग आणला. "उबेद" म्हणून हाक मारली की हा दुसरीकडंच बघतोय. थर्ड मेट, जहाजावरचा धाकटा साहेब, म्हणायचा, तुझा भाऊ बहिरा आहे का रे. मुसा कोपऱ्यात नेऊन त्याला झापायचा. हळूहळू तो शिकला. पण झोपेत, घाईत, भीतीत असला की पुन्हा तेच. ते मुसाच्या लक्षात आलं होतं. लक्षात येऊन त्यानं काय केलं, तर काही नाही.

आखातातली ती दोन वर्षं मुसा कोणाला फारशी सांगत नाही. लोकांना विमानं आणि बॉम्ब ऐकायचे असतात, आणि मुसाला आठवतो तो कंटाळा. दिवे बंद, काचांना काळा रंग, उकाडा असा की लोखंडाला हात लावला तर कातडी निघावी, आणि सतत कान टवकारलेले. पुढं चाललेलं तेलाचं जहाज एकदा दुपारचं पेटलं. ते तीन दिवस जळत होतं आणि हे लोक तीन दिवस त्याच्याकडं बघत नांगरावर उभे होते. जेवण जात नव्हतं. घाबरायलाही अंगात जोर लागतो, तो संपला होता.

आणि एका सकाळी नाळेवर, जहाजाच्या पुढच्या टोकाला, पहाऱ्याला उभा असलेला कृष्णा शांतपणे म्हणाला, "सारंग, समोर हंडा तरंगतोय." हंडा कसला, सुरुंग होता तो. शिंगंवाला. खाडीच्या पाण्यावर जन्म काढलेला डोळा होता म्हणून दिसला. बाकीच्यांना लाटच दिसत होती. जहाज वळवलं, वाचलं. कप्तानानं खूश होऊन आपल्या हातानं चिठ्ठी लिहून दिली, की खलाशी उबेद याच्या नजरेमुळं सत्तावीस माणसं जिवंत राहिली. मुसानं ती वाचून दाखवली.

"यात माजं नाव कुठं हाय?" कृष्णानं विचारलं.

"नाय."

कृष्णा हसला. "मग ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. उबेदभायला द्या."

चिठ्ठी अजून मुसाच्या ट्रंकेत होती.

अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये 'दर्या बहार' लोखंडाच्या सळया भरून आखाताच्या बाहेर पडली. किती तरी महिन्यांनी जहाजावर दिवे लागले. भंडाऱ्यानं, जहाजावरच्या आचाऱ्यानं, शेवयांची खीर केली. सगळे म्हणाले, सुटलो. आगीतून सुटले ते वाऱ्यात सापडले. चौथ्या दिवशी उधाण असं लागलं की खालच्या सळया सरकल्या, जहाज एका कुशीवर कललं आणि इंजिन बंद पडलं. भर दुपार होती, पण उजेड संध्याकाळचा. एक होडी उतरवताना फुटली. दुसऱ्या होडीत मुसा, थर्ड मेट आणि चौदा जण. जहाज गेलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही, वाऱ्यानं तो आवाज खाल्ला.

मग वीसेक हातांवर कृष्णा वर आला. एका हातानं फळी धरून. होडीकडं पाठ करून. तो पोहत होता, खाडीतल्या माणसासारखा लांब हात टाकत, पण उलट्या दिशेनं. त्यानं मान वळवली असती तर त्याला होडी दिसली असती. मुसानं तोंडाभोवती हात धरून हाक मारली, "उबेद! उबेद!" एकदा, दोनदा, कितीदा तरी. कृष्णाची पाठ हलली नाही. दुसरं नाव मुसाच्या जिभेवर आलं होतं. शेजारी थर्ड मेट बसला होता, खलाशांची यादी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून छातीशी धरून. ते नाव तोंडातून निघालं असतं तर मुसाची नल्ली जप्त, उबेदची जप्त, वर तुरुंग. हा सगळा हिशेब माणूस बुडत असताना मुसाच्या डोक्यात आला, आणि त्यानं पुन्हा "उबेद" अशीच हाक मारली. नंतर एक लाट आली आणि मागं नुसती फळी राहिली.

वारा समोरून होता, मुसा स्वतःला सांगत आला. असल्या वाऱ्यात कोणतंच नाव पोचलं नसतं. सदतीस वर्षं हेच एक वाक्य धरून तो जगला.

गावात परतल्यावर तो तीन घरांच्या दारांत जाऊन उभा राहिला. चौथ्या दारात गेला नाही. उबेदचं नाव मेलेल्यांत कसं, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, नावांचा घोळ झाला, साहेब लोकांना आपली सगळी नावं सारखीच. कागदाचा घोळ म्हटलं की आपल्याकडं पुढचं कोणी विचारत नाही. आणि आवडी कडेवर दीड वर्षाची राणी घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "मी त्याला गोदीत लावून दिला. पुढचं मला ठावं नाय." बाकीचं लोकांनी केलं. कोणी म्हणे मुंबईत बाई ठेवली, कोणी म्हणे वरळीला दिसला. आवडी टाकलेली बाई झाली. राणीच्या लग्नात बापाचा विषय निघाला तेव्हा वरमाय काय बोलली, ते अख्ख्या वाडीला पाठ आहे.

आणि हीच आवडी सदतीस वर्षं, आठवड्यातून दोनदा, कोलंबी नाही तर कालवं घेऊन मुसाच्याच ओटीवर टोपली उतरवत आली. गळ्यात काळी पोत, कपाळावर कुंकू. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. तिच्या वाडीत कुठलीच बाई घेत नाही. "राणीचा बा" म्हणायची, आणि पुढं एक शिवी.

आजही ती आलीच. कमळाकरच्या आधी आली. मुसाची बायको नूरबानो बाहेर येऊन टोपलीत हात घालू लागली.

"ही काय गो कोलंबी आणलीस, नुसत्या मिशाच," नूरबानो म्हणाली.

"मिशा फुकट हायेत, भाभी. त्यांचं काय लावत नाय," आवडी म्हणाली. मग धक्क्याकडं बघून तिनं विचारलं, "तिकडं खड्डा कशाला खणलाय?"

"दगड बसवतायत. दर्यात गेलेल्यांच्या नावांचा."

आवडी पदरानं तोंड पुसत हसली. "बरं हाय त्यांचं. मेले पन नाव लागलं. आमचा मेला जिता असून नाव नाय. कुठं तरी म्हातारा झाला असंल, त्या रांडेच्या दारात खोकत."

हे ती शंभरदा बोलली होती. मुसानं शंभरदा ऐकलं होतं. पण आज त्याला ते सोसवेना. उबेद गेला होता, नल्ली कधीच रद्द झाली होती, तुरुंगात घालायला आता म्हाताऱ्याचं काय उरलं होतं? भीती उरली होती ती फक्त या बाईची. आणि तासाभरात सही केली की कृष्णा दुसऱ्यांदा बुडणार होता, आणि या वेळी दगडाखाली. मुसानं भिंतीला हात लावला, गुडघ्याला हात लावला आणि उभा राहिला. रिवाज उभ्यानं सांगायचा होता.

"आवडी," तो म्हणाला, "राणीचा बा गेला. अठ्ठ्याऐंशीत गेला. माझ्या जहाजावर होता तो, उबेदच्या नल्लीवर. मी नेला होता."

नूरबानोच्या हातातली कोलंबी टोपलीत पडली. आवडी तशीच उकिडवी बसून होती. मुसानं सगळं सांगितलं. नागोठण्याचा चहा, सुरुंग, सळया, फळी. मध्ये कुठं थांबला नाही, कारण थांबला असता तर पुन्हा सुरू करायचं बळ नव्हतं. एक माशी टोपलीवर घोंघावत होती, तिला आवडीनं सवयीनं हाकललं.

"तुमी बगितलं त्याला," ती म्हणाली. "जाताना."

"बघितलं."

"हाक मारलीत?"

"मारली."

"काय म्हणून?"

मुसाला वाटलं, खोटं बोलावं. एवढं एकच खोटं, शेवटचं. तिलाही बरं वाटेल.

"उबेद म्हणून," तो म्हणाला. "यादीवाला साहेब शेजारी होता. मी भ्यालो, आवडी."

आवडीनं मान हलवली, भाव पटला नाही की हलवायची तशी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

"मी त्याला शिव्या घातल्या, भाय," ती म्हणाली. "सदतीस वर्सं. हितं, तुमच्या ओटीवर बसून. पितरांना पान वाढलं नाय त्याचं कदी. मेलेल्या मानसाला शिव्या घातल्या मी, आन् तुमी कोलंबी निवडत ऐकत ऱ्हायलात."

नूरबानो आवडीशेजारी खाली बसली. तिनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तो आवडीनं ठेवू दिला. मुसाकडं मात्र नूरबानोनं ज्या नजरेनं पाहिलं, तसं पन्नास वर्षांच्या संसारात कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात कमळाकरची गाडी फाटकाशी थांबली. "वडखळला दीड तास, मुसाभाई," म्हणत तो घाम पुसत आला, आणि तिघांची तोंडं बघून पायरीवरच थांबला. मुसानं त्याला थोडक्यात सांगितलं. तीन वाक्यांत झालं. सदतीस वर्षं जे निघत नव्हतं ते दुसऱ्यांदा तीन वाक्यांत निघालं. ट्रंकेतली चिठ्ठीही त्यानं आणून कमळाकरच्या हातात दिली. कमळाकर रेडिओवाला, त्यानं आयुष्यात पुष्कळ वाईट बातम्या घेतल्या होत्या. यादी गुडघ्यावर ठेवून त्यानं उबेदचं नाव एका रेघेनं खोडलं.

"जहाजावरचे हयात सोबती सांगतायत म्हटल्यावर मला दुसरा पुरावा नको," तो म्हणाला. "नाव सांगा. नीट सांगा, दगडावर जायचं आहे."

मुसानं तोंड उघडलं. आवडीनं हात वर केला.

"तुमी नको, भाय. तुमची येळ गेली."

ती पदर सारखा करून उठली. लग्नात बायकांनी हातापाया पडून, दार अडवून नाव घ्यायला सांगितलं होतं तेव्हाही ती हटून बसली होती. नंतर घ्यायला नवराच नव्हता. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"जरा मोठ्यानं, बाई," कमळाकर हळूच म्हणाला. "कळलं नाही."

आवडी ओटीच्या पायऱ्या उतरली. फाटकापलीकडं खाडी होती, भरती चढत होती, आणि दुपारचा वारा समुद्राकडून थेट तोंडावर येत होता, इतका की तिचा पदर मागं उडाला. ती धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि तिनं तोंडाभोवती हात धरले.

"कृष्णाऽऽ!"

एकदाच. मग ती हात खाली सोडून उभी राहिली.

दूर, पलीकडच्या काठाशी, होडीत पाठमोरा बसून जाळं झाडणारा कोणी एक माणूस होता. वारा समोरून होता तरी त्यानं हात थांबवले, मान वळवली आणि तो इकडं बघू लागला.

मुसा सारंगानं ते ओटीवरून पाहिलं. त्यानं भिंतीला हात लावला आणि हळूहळू खाली बसला.